काठोकाठ भरलेली गाडी

त्याला घरीदारी सगळे भोवरा म्हणत. नाव ठेवलं ते बापानेच, आणि ते काही लाडाने नव्हे. गावाबाहेर, जिथे रस्ता वळण घेऊन चढाला लागतो, तिथे बापाचा पेट्रोल पंप होता. पंपाच्या काचेच्या खोलीत दोन स्टुलं होती. थोरला मुलगा शाळेतून आला की एका स्टुलावर बसे आणि कोणी उठ म्हणेपर्यंत तिथेच असे. धाकटा दुसऱ्या स्टुलावर टेकला न टेकला की खिडकीशी, खिडकीतून हवेच्या पाइपाशी, तिथून एखाद्या ट्रकच्या मागे. "याला दोरी गुंडाळून सोडलाय कोणी?" असं बाप गिऱ्हाइकांनाच विचारायचा. गिऱ्हाइकं हसायची. भोवरा तोवर दुसरीकडे गेलेला असायचा.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. काही माणसं पाळण्यातच दादा होतात.

बापाने पोरांच्या अभ्यासाची चौकशी फारशी कधी केली नाही, पण दोन गोष्टी मात्र त्यांच्या हाडामांसात भरल्या. एक म्हणजे, दारात गाडी उभी राहायची ती काठोकाठ भरून. पंपवाल्याची गाडी रस्त्यात कोरडी पडली तर तोंड लपवायला जागा उरत नाही. दुसरी, नोझलजवळ ठिणगी पडेल असं काही न्यायचं नाही. आधी हा नियम काडेपेटीला होता, मोबाइल आले तेव्हा मोबाइलला लागला. पंपाच्या आवारात पाय पडला की खिशात हात जायचा आणि फोन बंद व्हायचा. पुढे पुढे तर हाताला सांगावंही लागेना.

बाप गेल्यावर दादा त्याच स्टुलावर बसून पंप बघू लागला. भोवऱ्याने दात करणारीशी लग्न केलं. म्हणजे तिची घराच्या मागच्या खोलीत दातांची लॅब होती. गावोगावचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवत आणि ती त्यांवरून कवळ्या, टोप्या, पूल असं काय काय घडवी. ठसे आणायला आणि दात पोचवायला कोणीतरी फिरतं माणूस हवंच होतं. भोवऱ्यासारखा नवरा तिला जाहिरात देऊनही मिळाला नसता. तो रोज प्लास्टरचे जबडे गाडीत घालून निघे, चार गावं पालथी घाली आणि रोज संध्याकाळी परतताना दादाच्या पंपावर टाकी भरून घेई. टाकी भरेपर्यंत दोघा भावांचं जे बोलणं होई, तेवढंच. त्यात विशेष काही नसे. "काय रे?" "काही नाही." "जेवलास?" "जातोय." पण वीस वर्षं तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं.

आणि मग भोवऱ्याने विजेची गाडी घेतली. जुनीच, पण चकचकीत. घेतल्या घेतल्या ती दाखवायला तो सगळ्यांत आधी पंपावर गेला. दुसरा कोणी असता तर तो रस्ता टाळून गेला असता.

दादा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "आणि तोंड कुठाय हिचं?"

"पुढे. ते बघ, नाकात."

"नाकाने जेवते?" दादा म्हणाला. "म्हणजे आता तू माझ्या दारावरून नुसताच जाणार."

"थांबेन की."

"कशाला? हवा भरायला?" असं म्हणून दादा आत जाऊन स्टुलावर बसला. त्या दिवसापासून तो त्या गाडीत बसला नाही. तसं ते चाललंही असतं, पण दादाच्या डोळ्यांचं दुखणं होतं. साखरेच्या आजाराने पडद्याला सूज आली होती. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजवा टिकवायला महिन्याच्या महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे, आणि ते देणारा डॉक्टर घाटापलीकडच्या मोठ्या गावात महिन्यातून एकदाच येई. तिथे दादाला न्यायचं काम भोवऱ्याचं होतं. आता दादा म्हणू लागला, "मी बसने जाईन." दोनदा गेला. तिसऱ्यांदा बसच्या पायरीचा अंदाज चुकला, गुडघा फुटला आणि इंजेक्शन राहिलं.

इकडे भोवऱ्याच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. गाडी विकणाऱ्याने एकच गोष्ट सांगितली होती, पेट्रोलचा पैसा वाचेल. वाचला, खोटं कशाला बोला. पण तो घरात मुक्कामाला काही राहिला नाही. आधी वायरमन आला, घरातला स्विचबोर्ड बघून गालात हसला आणि मीटरपासून नवी जाड वायर ओढून गेला. मग विमा आला, तो जुन्या गाडीपेक्षा भारी. मग टायर. गाडी वजनाला जड, आणि पाय ठेवायचा अवकाश, अशी उसळी घ्यायची की बाकीच्या गाड्यांचे टायर ज्या वयात शाळेत असतात त्या वयात हिचे निवृत्त झाले. गावातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत डोकावला आणि कोणी झोपलेलं असावं इतक्या हळू परत लावलं. "याचं शिक्षण वेगळं असतं," तो म्हणाला. "आपण आपलं टायरपुरतं बघू."

एके दिवशी सकाळी तर गाडीचं दारच उघडेना. मोठी बॅटरी भरलेली, पण बॉनेटखाली इतर गाड्यांसारखीच एक छोटी बॅटरी असते, ती मेली होती. शेवटी शेजाऱ्याची खटारा गाडी आणून तिला वायर जोडली.

"कणगी भरलेली," बायको दारात उभी राहून म्हणाली, "आणि पीठ शेजारच्यांकडून वाटीभर."

"तू तुझे दात घास," भोवरा म्हणाला.

"तेच घासतेय. लोकांचे."

हे सगळं एकवेळ परवडलं असतं. पण गाडी पूर्ण भरली की जितकं अंतर जाईन म्हणायची, तो आकडा महिन्यागणिक खाली येऊ लागला. भोवऱ्याची झोप उडाली. विकायची म्हटली तर घेणारा पहिल्यांदा बॅटरीचंच विचारी आणि मग अशी किंमत सांगे की ऐकून आपणच ओशाळं व्हावं. नवी बॅटरी टाकायची तर जवळजवळ अर्धी गाडीच परत घ्यायची. अखेर तो लांबच्या शहरात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथल्या मुलीने गाडीला लॅपटॉप जोडला.

"काका, रोज शंभर टक्के भरता का?"

"मग!" भोवरा छाती पुढे काढून म्हणाला.

"आणि भरून उन्हात उभी ठेवता?"

"दारात ठेवतो."

"तेच तर झालंय. ही पेट्रोलची टाकी नाही, काका. काठोकाठ भरून ठेवली की बॅटरी लवकर थकते. रोजच्याला ऐंशीवर थांबवा. लांब जायचं असेल तरच पूर्ण भरा, तेही निघायच्या आधी."

भोवऱ्याने मान डोलावली. त्या संध्याकाळी त्याने खरोखर ऐंशी लावले. पण जेवताना त्याचं ताटात लक्ष लागेना. दारात पाहुणा अर्ध्या पोटी उभा आहे असं त्याला वाटत राहिलं. तो खरकट्या हाताने उठला आणि शंभर करून आला.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं.

"नाही," तो खरं ते बोलला. शंभर केल्यावर बॅटरी थकत असल्याचा आवाज त्याला भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागला होता.

अशात एक दिवस वहिनीचा फोन आला. "भावजी, उद्या डॉक्टर यायचे आहेत. बारापर्यंतच असतात. मागचं चुकलं, आता हे चुकलं तर उजवाही डाव्याच्या वाटेने जाईल असं म्हणालेत. तुम्हीच न्या."

"दादा बसेल?"

"बसवते. गुडघा अजून दुखतोय त्यांचा. तोंडाने सांगत नाहीत, पण दुखतोय."

दुसऱ्या दिवशी थंडी अशी पडली होती की श्वास दिसत होता. भोवऱ्याने अर्थातच गाडी काठोकाठ भरून आणली होती. दादा गळ्याशी मफलर घट्ट करून आत बसला. परक्याच्या घरी बसावं तसा, गुडघे जुळवून, हात मांडीवर.

"चालू कर ना."

"झाली."

"आवाज कुठे आला?"

"दादा, आपण केव्हाचे निघालोय."

दादाने खिडकीबाहेर पाहिलं. एक धूसर झाड मागे गेलं, तेव्हा त्याची खात्री पटली. मागच्या सीटवर प्लास्टरचे जबडे उघड्या खोक्यात खुळखुळत होते.

एरवी एवढा पल्ला गाडीने सहज गाठला असता. पण आज थंडी, समोरून वारा, चढ आणि दादासाठी लावलेला हीटर. समोरचे टक्के असे उतरू लागले की भोवऱ्याचा जीव टांगणीला लागला. दादाला तो आकडा दिसत नव्हता हेच नशीब. भोवऱ्याने हळूच हीटर बंद केला.

"गार का झालं रे?"

"बाहेरच गार आहे."

"बाहेरचं ठीक आहे. मी आत बसलोय."

भोवऱ्याने हीटर लावला. दोन टक्के गेले. भोवऱ्याने हीटर बंद केला. असं करत करत ते घाटाच्या पायथ्याशी आले तेव्हा चार्जिंगला थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथे हमरस्त्यावर चहाच्या हॉटेलाला लागून दोन यंत्रं होती. एकाच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे ते आजारी. दुसऱ्याला एका बाईंची मोठी गाडी जोडलेली. बाई आत बसून संत्रं सोलत होत्या. "झालंच माझं," त्या म्हणाल्या आणि दुसरं संत्रं घेतलं.

त्यांचं आटपलं तेव्हा भोवऱ्याची पाळी आली. हे यंत्र फोनवरून चालू करावं लागतं. भोवरा यंत्रासमोर फोन लांब धरून, चेहरा बाजूला करून असा उभा होता की जणू सुतळी बॉम्बची वातच पेटवतोय. ॲपने आधी पासवर्ड मागितला, मग तो चुकीचा ठरवला, मग पैसे घेतले आणि शेवटी एकदाचा दिवा हिरवा झाला. आणि सवयीने भोवऱ्याचा हात खिशात गेला. फोन बंद. दादाने तर आपला फोन आवारात शिरतानाच बंद केला होता.

"पंपच म्हणायचा ना हा?" त्याने विचारलं होतं.

"तसा पंपच."

दोघे आत जाऊन चहा घेऊ लागले. म्हणजे दादा घेऊ लागला. भोवरा एक घोट, एक फेरी असं करत होता. साठ टक्के झाले तेव्हा तो म्हणाला, "निघू या? जायला-यायला पुरेल एवढं झालं."

"भरली?"

"भरली नाही. पण पुरेल."

"पुरेल म्हणजे काय?" दादाने कप खाली ठेवला. "बाबांच्या मुलाची गाडी अर्धवट भरून पंपावरून निघणार?"

दादाने ही गाडी आज पहिल्यांदा घरातली धरली होती. भोवऱ्याला एवढं बरं वाटलं की तो चक्क बसला. ऐंशीपर्यंत सगळं भराभर झालं. पुढे यंत्र पाय ओढू लागलं.

"थांबलं का काय?"

"नाही. शेवटी शेवटी हळू भरतं. आपण नाही का, टाकी भरत आली की नोझल सैल सोडतो? सांडू नये म्हणून."

"हां!" दादा खूश झाला. "हे मात्र शहाणपणाचं केलंय त्यांनी." मग तोही मन लावून थांबला. पंच्याऐंशीला दोघांनी दुसरा चहा घेतला. नव्वदला बाबांनी एकदा अर्धवट टाकीने निघालेल्या जावयाला रस्त्यातून परत बोलावलं होतं त्याची आठवण निघाली आणि दोघेही डोळ्यांतून पाणी येईस्तो हसले. वर्षभरात इतकं बोलणं झालं नव्हतं.

हसता हसता दादाने भिंतीकडे पाहिलं आणि थांबला.

"भोवऱ्या, त्या घड्याळाला एकच काटा आहे का रे?"

उजवा डोळाही गेला की काय? भोवऱ्याने वळून पाहिलं. दादाचा डोळा बरोबर सांगत होता. अकरा वाजायला आले होते आणि दोन्ही काटे एकावर एक बसले होते. समोर अख्खा घाट होता, आणि डॉक्टर बारापर्यंतच.

भोवरा धावत गाडीशी गेला. प्लगवर हात ठेवला आणि आकडा दिसला. चौऱ्याण्णव. हात तिथेच अडला.

दादा भिंतीचा आधार घेत मागून आला. "काढ नोझल."

"सहाच राहिलेत, दादा."

"काढ म्हणतो ना. वर गेल्यावर बाबांना मी तोंड देईन. तू काढ."

भोवऱ्याने प्लग ओढला. निघेना. पुन्हा ओढला. मग त्याच्या लक्षात आलं की चार्जिंग फोनवरून बंद केल्याशिवाय यंत्र प्लग सोडत नाही. आणि फोन बंद होता. तो चालू होईपर्यंत दोघे भाऊ त्या इवल्याशा पडद्याकडे टक लावून उभे राहिले.

"पण हा बंद कशाला केलास?"

"पंपावर..."

"हं," दादा म्हणाला. "माझाही बंदच आहे."

फोन जागा झाला आणि वहिनीचे निरोप धडाधड पडू लागले. डॉक्टर आज साडेअकरालाच निघणार होते. दवाखान्यातून तिला कळवलं होतं, आणि ती तेव्हापासून दोघांना फोन लावत बसली होती.

पुढचा घाट भोवऱ्याने कसा काढला ते त्यालाही नीट सांगता येणार नाही. टक्क्यांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, हे मात्र खरं. हीटर लावलेला, पाय दाबलेला. चढावर ट्रक धापा टाकत होते आणि ही त्यांच्या बगलेतून हूं की चूं न करता पुढे सटकत होती. दादाने वरची कडी धरली होती. "पळते की रे ही!" तो म्हणाला. पेट्रोलवाल्याच्या तोंडून ते निसटलंच.

दवाखान्याच्या आवारात शिरले तेव्हा डॉक्टर आपल्या गाडीत बॅग ठेवत होते. भोवऱ्याने आपली गाडी नेऊन बरोबर त्यांच्या गाडीसमोर उभी केली. आवाज नसल्यामुळे डॉक्टरांना ते कळलंच नाही. मान वर करतात तो समोर गाडी, आणि मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघून हसणारे डझनभर जबडे.

"अहो, गाडी काढा."

"काढतो. आधी याचा डोळा बघा."

"पुढच्या महिन्यात आणा. मला दुसऱ्या दवाखान्यात पोचायचंय."

"मागचं चुकलंय, डॉक्टर."

"मग आधी यायचं. गाडी काढा म्हणतो ना मी."

जो माणूस उभ्या आयुष्यात एका स्टुलावर टिकला नाही, तो बॉनेटला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला. डॉक्टर ओरडले. वॉचमन येऊन दंडाला धरून गेला. भोवरा जागचा हलला नाही. तेवढ्यात दादा दार चाचपत उतरला आणि डॉक्टर जिथे नव्हते त्या दिशेला तोंड करून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, याला माफ करा. हा लहानपणापासून असाच."

डॉक्टरांनी दादाची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. वाकून पाहिलं. मग बॅग बाहेर काढली आणि आत गेले.

परतीला दादाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. सूज आहे, पण वेळेत आलात, आता एकही चुकवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. घाट उतरताना भोवऱ्याची नजर सवयीने आकड्यावर गेली.

"किती उरलंय?" दादाने विचारलं.

"मघाशी बावन्न होते. आता त्रेपन्न."

"थट्टा करतोस?"

"आईशप्पथ. उतारावर हिची चाकंच परत वीज भरतात."

"बाबांना हे सांगायला हवं होतं," दादा म्हणाला.

गावात शिरताना भोवरा पंपासमोर थांबला. दादाला धरून उतरवलं, वहिनीच्या हातात दिलं आणि परत गाडीकडे वळला.

"कुठे निघालास?"

"घरी. चार्जिंगला लावतो."

"इथे लाव. माझ्या दारात येऊन रिकामा जाणार? मागच्या खोलीत बोर्ड आहे. नोझलपासून लांब."

"दादा, तो साधा प्लग आहे. तासाला एवढंसं भरेल. उद्या सकाळ उजाडेल."

"मग जेवून जा."

गाडी मागच्या खोलीतल्या बोर्डाला लागली. दोघांनीही फोन बंद केले. काचेच्या खोलीत दादा आपल्या स्टुलावर बसला आणि भोवरा दुसऱ्यावर टेकला. जरा वेळाने उठून मागे बघून आला, परत टेकला, परत उठू लागला, तर दादाने आवाजावरून त्याची बाही धरली.

"बस रे. ऐंशीच करायचेत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने. बस." भोवरा बसला. बाहेर एक गाडी येऊन तेल भरून गेली. दादाने पट्टीवरून बोट फिरवलं, मान मागच्या खोलीकडे वळवली, सरळ केली, पुन्हा वळवली.

"भोवऱ्या," तो म्हणाला, "जरा बघून ये रे, किती झालं."